रुळांवरची बाग

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये रस्त्याच्या वर, लोखंडी खांबांवरून १९३४ साली मालगाड्या धावू लागल्या. शेवटची गाडी १९८० मध्ये गेली आणि रुळांमध्ये रानगवत माजलं. हा मार्ग पाडला जाऊ नये म्हणून १९९९ मध्ये दोघा रहिवाशांनी संस्था काढली.

पुढे या मार्गावर बाग करायचं ठरलं, पण नुसती झाडं लावून भागणार नव्हतं. जुन्या लोखंडावर शिशाचा रंग होता. त्याची धूळ मुलांना फार घातक. म्हणून रूळ, खडी, माती सगळं उपसलं. वाळूचा मारा करून पोलाद खरवडलं, नव्यानं रंगवलं. काढलेल्या रुळांवर खुणा केल्या होत्या, त्यामुळे बरेचसे मूळ जागी परतले. ही काळजी फार मोलाची!

जून २००९ मध्ये पहिला टप्पा खुला झाला. सव्वादोन किलोमीटरहून लांब अशा या 'हाय लाइन'वर फिरायला तिकीट लागत नाही.