नागपूरची मध्यरात्र

दोन विमानतळांमधील अंतर नकाशावर फूटपट्टी ठेवून काढतां येतें. परंतु एका शहरांतील पत्र दुसऱ्या शहरीं केव्हां पोंचेल, हें फूटपट्टी सांगूं शकत नाहीं. नागपूरच्या सोनेगांव विमानतळानें ही गोष्ट वर्षानुवर्षे रोज रात्रीं सिद्ध करून दाखविली.

जानेवारी १९४९ मध्यें रात्रींच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून रात्रीं एकेक विमान निघे. चारीही विमानें मध्यरात्रीनंतर नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, आणि उजाडण्याच्या सुमारास प्रत्येक विमान आपल्या शहरीं परत पोंचे. उतारूही येथेंच विमान बदलीत.

नागपूरच कां, याचें उत्तर अंतरांत आहे. तेथून मुंबई सुमारें ६९० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९१० व कलकत्ता ९८० किलोमीटर आहे. मुंबईहून कलकत्त्यास किंवा दिल्लीहून मद्रासेस जाणारी सरळ रेषा नागपुराजवळूनच जाते; त्या पत्रांस वळसा असा पडतच नसे. मुंबई-दिल्लीच्या पत्रास मात्र तो पडे. सरळ मार्ग सुमारें १,१४० किलोमीटरांचा, तर नागपुरावरून १,५४० किलोमीटरांचा. तरीहि तें सकाळीं दिल्लीस हजर होई. कारण हा वळसा लोक झोंपेंत असतांना पुरा होई.

हिशेबहि मोठा चोख होता. चार शहरांच्या सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडींत दोन्ही बाजूंनीं टपाल न्यावयाचें, तर रोज बारा उड्डाणें हवींत; नागपुरास गांठ घातल्यामुळें चार विमानांच्या आठ उड्डाणांत तेंच काम होई. डाकोटा विमान तासास सुमारें २७० किलोमीटर जाई. त्यामुळें मुंबईच्या विमानास नागपूर गांठण्यास अडीच तास लागत, तर कलकत्त्याच्या विमानास साडेतीन तासांहून अधिक. तें आधीं सोडावें लागे.

१ एप्रिल १९४९ पासून देशांतील पत्रें जादा आकाराशिवाय विमानानें जाऊं लागलीं. आगगाडीनें मुंबई ते कलकत्ता या प्रवासास सुमारें दीड दिवस लागे. आतां दूर नोकरीस असलेल्या मुलाची खुशाली किंवा घरच्या आजारपणाची वार्ता एका रात्रींत पोंचूं लागली.

या वेगाचें मोलहि मोठें होतें. १२ डिसेंबर १९५३ रोजीं नागपुराहून उड्डाण करतांच एक डाकोटा विमान कोसळलें आणि तेरा माणसें प्राणांस मुकलीं. मजूर पुढारी व लोकसभेचे सभासद हरिहरनाथ शास्त्री त्यांत होते. वैमानिक तेवढा वाचला.

पुढें जेट विमानें आलीं, शहराशहरांमधील थेट उड्डाणें वाढलीं आणि १९७० नंतरच्या दशकांत ही योजना संपली. याच दशकांत, एप्रिल १९७३ मध्यें, अमेरिकेंतील मेम्फिस येथें फेडरल एक्स्प्रेस या कंपनीनें चौदा विमानांनिशीं अशीच पद्धत सुरू केली: दिवसभराचीं पुडकीं रात्रीं एका ठिकाणीं आणावयाचीं, तेथें निवडावयाचीं आणि सकाळपर्यंत पोंचवावयाचीं. जवळचा मार्ग तोच लवकरचा असतो असें नाहीं. गांठ कोठें घालावी आणि केव्हां घालावी, हें ज्यानें नीट ठरविलें, त्याचें पत्र आधीं पोंचतें.