अजाण वयातला बाप्तिस्मा



सेनगाव तालुक्यात आम्हा ख्रिस्ती माणसांची घरं तुरळक. त्यामुळे ओळख झाली की माणसं आपुलकीने विचारतात, "ताई, तुम्ही ख्रिस्ती कधी झालात?" मी सांगते, तान्ही होते तेव्हा. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "तेव्हा तुम्हाला काय कळत होतं?"

काहीच कळत नव्हतं. आईच्या मांडीवर होते, पाळकांनी कपाळाला पाणी लावलं, आणि माझ्या वतीने आईवडिलांनी अन् मंडळीने देवाला शब्द दिला. तो शब्द त्यांनी पाळला म्हणून मी आज विश्वासात आहे. रोज संध्याकाळची प्रार्थना, शास्त्रातला एक अध्याय, आजारी माणसाच्या घरी जाणं, हे सगळं त्या शब्दातूनच आलं. पुढे दृढीकरणाच्या वेळी मी स्वतः "हो" म्हटलं, ते या शिदोरीवर.

मराठीत आपण वाचतो ते जाणत्यांचे बाप्तिस्मे. बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले, ना. वा. टिळक १८९५ साली. त्या कथांत घर तुटतं, नाती तुटतात, म्हणून त्या मनात राहतात. त्यांच्या मुलाबाळांच्या विश्वासाबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

मला मनोरमा आठवते, पंडिता रमाबाईंची लेक. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला. आई विचार करून आली होती. लेक जेमतेम अडीच वर्षांची. पुढे या मुलीला धर्म कसा शिकवायचा यावरून रमाबाई आणि तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्यात पत्रांतून मोठा वाद झाला. मला तो वाद फार मोलाचा वाटतो. मुलीला पाणी लागलं, आता आपलं काम झालं, असं त्या आईने मानलं नाही. मनोरमा मोठी झाली, आईच्या कामात शिरली, आपल्या मराठवाड्याप्रमाणेच तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या गुलबर्ग्याला मुलींची शाळा उभी करण्यात राबली. १९२१ साली, चाळिशीत, ती गेली. पुढच्याच एप्रिलमध्ये रमाबाईही गेल्या.

तेव्हा माझी एक विनंती आहे. कुणाच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला उभं राहून तुम्ही "हो" म्हटलं असेल, तर या आठवड्यात त्या लेकराच्या घरी जा. त्याच्यासोबत प्रार्थनेला बसा.