मूळव्याध व शौचाची सवय



मूळव्याध हा शब्द चारचौघांत उच्चारावयास माणूस लाजतो, आणि ही लाजच रोगास मुरू देते. गुदद्वाराशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या फुगून खाली सरकल्या म्हणजे मूळव्याध होते. वेदनेवाचून लाल रक्त पडणे ही आतील मोडाची खूण. शौचाचे वेळी कापल्यासारखी आग झाली, तर ती बहुधा चीर. जवळच्या छिद्रातून पू वाहिला, तर भगंदर. तिहींवर एकच औषध घेणे व्यर्थ होय.

यवतमाळकडील वैशाखात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. अंगातील पाणी घामावाटे जाते, मळ कोरडा होतो, कुंथावे लागते. पाणी भरपूर प्यावे; ज्वारीची भाकरी व अंबाडीची भाजी सोडू नये. कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बसल्यानेही पुष्कळांस आराम पडतो. सुश्रुताने औषध, क्षार, अग्नी व शस्त्र असे चार उपाय सांगितले खरे. पण रस्त्याकडेच्या पाटीवाल्याकडून मोड जाळून घेतल्यास गुदद्वार कायमचे आकसू शकते. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळ असता हा धोका कशास?

शाळेत मात्र निराळेच घडते. तास चालू असता बाहेर जाण्यास मनाई झालेले मूल शौच रोखते. मळ कठीण होऊन चीर पडते. मग दुखण्याच्या भीतीने ते अधिकच रोखते. शौचालयात पाणी नसेल तर मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. परवानगी मागणाऱ्या मुलास तत्काळ सोडावे, हे शिक्षकाच्याच हाती आहे.

एखाद्या पालकाचे रक्त पडते, वजनही घटते, शौचाची रीत पालटली आहे, असे कानी आले तर ती मूळव्याधच असे समजू नये. आतड्याच्या कर्करोगाची शंका डॉक्टरांकडून तपासूनच फेडावी लागते.