कवळी: निवड आणि निगा

सगळे दात गेले असतील तर पूर्ण कवळी. काही शाबूत असतील तर त्यांना तारेच्या आकड्यांनी धरून राहणारी अर्धी कवळी. हाडात इम्प्लांट बसवून त्यावरही कवळी अडकवता येते. ती पक्की, पण खर्चिक. खालच्या कवळीला टेकायला जागा कमी, त्यात जीभ तिला सतत ढकलते, म्हणून तीच जास्त हलते. इम्प्लांटवर पैसे घालायचेच असतील, तर माझ्या मते आधी खालच्या जबड्यात.

रात्री कवळी काढून मऊ ब्रशने, साध्या साबणाने घासा. टूथपेस्ट नको, तिने बारीक ओरखडे उठतात आणि त्यांत जंतू घर करतात. धुताना खाली पाणी भरलेलं तसराळं ठेवा, म्हणजे हातातून निसटली तरी फुटायची नाही. मग रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा. उकळत्या पाण्यात मात्र ती वाकडी होते. हिरड्या आणि जीभही रोज साफ करा.

दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं, म्हणून चांगली बसलेली कवळीही काही वर्षांनी सैल होते. घरी कानस घेऊन बसू नका (बसतात हो लोक!). दंतवैद्य आतून नवा थर देऊन ती पुन्हा घट्ट करतात. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर ताबडतोब दाखवा. तंबाखू खाणाऱ्यांनी तर नक्कीच.