नागीण : समजूत आणि उपाय



'नागीण' हा शब्द कानी पडताच घरातील वडीलधारी मंडळी चिंतातुर होतात. नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्या धाकाने मंत्र घातले जातात, गेरूचे लेप चढतात आणि औषधाचे मोलाचे दिवस हातचे जातात.

वस्तुस्थिती अशी आहे. कांजिण्या येऊन गेल्यावर त्यांचे विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी निद्रिस्त राहतात. उतारवयात, किंवा दीर्घ आजाराने प्रतिकारशक्ती क्षीण झाली असता, ते जागे होऊन एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतात. प्रथम आग व ठणका, मग लाल चट्टा आणि पाणीदार फोडांचे घोस असा क्रम असतो. कण्यातून मज्जातंतू डावीउजवीकडे वेगवेगळे फुटतात. म्हणून पुरळ बहुधा शरीराच्या मध्यरेषेपाशीच थांबते. ते क्वचित दोन्ही अंगांस उठले, तरी तो मृत्यूचा सांगावा नव्हे; प्रतिकारशक्ती खालावल्याची खूण समजून डॉक्टरांना दाखवावे.

अॅसायक्लोव्हिरसारखी औषधे पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू होणे इष्ट. कपाळावर, डोळ्याभोवती अथवा नाकाच्या शेंड्यावर फोड आल्यास दृष्टीस धोका संभवतो. त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठावा. नाशकात तज्ज्ञ सहज भेटतात. खेड्यातील बांधवांनी निदान तालुक्याच्या दवाखान्यास विलंब करू नये.

फोड फोडू नयेत. जागा स्वच्छ, कोरडी व झाकलेली ठेवावी. सैल सुती वस्त्रे वापरावीत. फोडांतील पाण्याच्या संसर्गाने, ज्यांस कांजिण्या आलेल्या नाहीत त्यांस कांजिण्या होऊ शकतात. यास्तव खपल्या धरेपर्यंत तान्ही मुले व गर्भवती स्त्रिया यांस दूर ठेवावे.

पुरळ दोन ते चार आठवड्यांत ओसरते. वृद्धांस मात्र वेदना पुढे महिनोन्‌महिने छळतात. सासूबाईंचे अथवा मामंजींचे हे दुखणे 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नये. त्यावर निराळी औषधे आहेत. 2023 पासून आपल्या देशात 50 वर्षांवरील व्यक्तींसाठी नवी प्रतिबंधक लसही मिळते. तिचे दोन डोस दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने घ्यावयाचे असतात. ती महाग आहे. तरी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

कोणाच्या श्रद्धेस धक्का लावण्याचा माझा हेतू नाही. विनंती एवढीच, की आधी दवाखाना, मग ज्याची त्याची श्रद्धा. हा क्रम आपल्या घराघरांत रुजावा.