चारचौघांपेक्षा वेगळे

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



चिटणीस साहेबांनी मला विषय दिला तो 'किशोरवयीन मुले आणि समाज' असा. विषय इतका मोठा की त्यात काहीही घालता येते आणि बहुधा कोणाच्याच हाती काही लागत नाही. म्हणून मी तो लहान करून घेतो. वर्गातली कुजबूज, पाठीमागे नावे ठेवणे आणि 'सगळे करतात, मग तुलाच काय झाले?' हा सोबत्यांचा दाब, एवढ्यापुरतेच बोलणार आहे. उदाहरणे सांगेन ती ख्रिस्ती मुलांची. त्याला कारण आहे. आपल्या मोहल्ल्यातील गोष्ट सांगायला घेतली असती, तर ती कोणाच्या घरची हे शोधण्यात तुमचे अर्धे लक्ष गेले असते, आणि उरलेले अर्धे शेजारच्याला ते सांगण्यात. परक्याच्या घरची गोष्ट माणूस जरा शांतपणे ऐकतो.

1935 सालची हकीकत आहे. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात माइनर्सव्हिल नावाचे कोळशाच्या खाणींचे एक छोटे गाव. तेथे वॉल्टर गोबायटस नावाच्या गृहस्थांचे किराणा मालाचे दुकान होते. मुलगी लिलियन सातवीत, बारा वर्षांची होत आलेली. तिच्या पाठचा विल्यम, घरी त्याला बिली म्हणत, दहा वर्षांचा, पाचवीत. हे कुटुंब 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाचे. गावातील बहुसंख्य लोकही ख्रिस्तीच, पण कॅथलिक. हे एवढे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढे जे घडले ते दुसऱ्या धर्माच्या लोकांनी केले असा समज होणार नाही. आपल्याच म्हणवणाऱ्यांची जीभ जास्त लागते, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको.

त्या शाळेत रोज सकाळी राष्ट्रध्वजासमोर हात लांब करून वंदन करण्याची आणि निष्ठेची प्रतिज्ञा म्हणण्याची पद्धत होती. साक्षीदारांचे म्हणणे असे की, असे वंदन म्हणजे एका वस्तूची उपासना होते, आणि उपासना फक्त परमेश्वराची. हे मत तुम्हाला किंवा मला पटते की नाही, हा आजचा प्रश्न नाही. प्रश्न त्या मुलीचा आहे. लिलियनने मोठेपणी आपली हकीकत स्वतः सांगितली आहे. ती वर्गाची निवडून आलेली प्रमुख होती, अभ्यासात चांगली होती, मैत्रिणी पुष्कळ होत्या. वंदन करू नये हे मनाने घेतले होते. पण शिक्षिकेची नजर आपल्याकडे वळली की ती झटकन हात पुढे करी आणि ओठ हलवी. आपण भित्र्या होतो, असे तिने सरळ कबूल केले आहे. तिला भीती होती ती हे सारे हातचे जाण्याची: मैत्रिणी, वर्गातला मान, मधल्या सुट्टीतली सोबत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची सगळी दौलत तेवढीच असते. आपण मोठी माणसे ती क्षुल्लक समजतो आणि तेथेच चुकतो.

पहिले धाडस धाकट्याने केले. ऑक्टोबर महिन्यात एके दिवशी बिलीने हात वर केला नाही. त्याच्या शिक्षिकेने त्याचा हात धरून वर करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याने आपला खिसा घट्ट धरून ठेवला! दुसऱ्या दिवशी लिलियनने वर्ग भरण्यापूर्वी आपल्या शिक्षिकेला गाठून सारे सांगितले. त्या बाईंनी तिला जवळ घेतले आणि तिच्या धैर्याचे कौतुक केले. वर्गातील मुलांनी मात्र दुसरे केले. तिला येताना पाहिले की खड्यांचा वर्षाव करायचा आणि 'ही बघा यहोवा आली' म्हणून ओरडायचे. ही तीच मुले, ज्यांनी तिला प्रमुख म्हणून निवडून दिले होते. 6 नोव्हेंबर 1935 रोजी शाळा मंडळाची सभा भरली. तोपर्यंत वंदन सक्तीचे आहे असा लेखी नियमसुद्धा नव्हता. त्या सभेत तो केला आणि त्याच सभेत दोघांना शाळेतून काढून टाकले. वडिलांच्या दुकानावर बहिष्कार घालण्याची भाषा गावात सुरू झाली.

आता पालकांना मी विचारतो. अकरा-बारा वर्षांच्या पोरांना देवाच्या नावाची शिवी करावी, हे कोठून सुचले असेल? बिलीची आणि त्यांची धर्मतत्त्वांवर चर्चा थोडीच झाली होती? मला तर खात्री वाटते की तो शब्द जेवणाच्या मेजावरून आला. बाप म्हणाला असेल, 'त्या दुकानदाराची पोरे फार शहाणी झाली आहेत.' आईने मान हलवली असेल. पोराने तेवढे उचलले आणि सकाळी खिशात खडे भरले. आपल्या घरी कोणाची मुलगी कोठे दिसली, कोणाचा मुलगा कोणाबरोबर फिरतो, अमक्याने दाढी ठेवली, तमकीने बुरखा सोडला किंवा घेतला, याची चर्चा चालते तेव्हा तुमचा मुलगा पुस्तक उघडून कोपऱ्यात बसलेला असतो. तो वाचत आहे असे तुम्हाला वाटते. गीबत म्हणजे काय हे मदरशात त्याने पाठ केलेले असते. पण घरात ऐकलेले त्याहून पक्के पाठ होते.

पुढची गोष्ट थोडक्यात. वडिलांनी दावा लावला. खालच्या दोन्ही न्यायालयांत ते जिंकले, आणि 3 जून 1940 रोजी सर्वोच्च न्यायालयात आठ विरुद्ध एक मताने हरले. लिलियन तेव्हा सोळा वर्षांची होती. तो महायुद्धाचा काळ. हे साक्षीदार जर्मनीचे हस्तक आहेत, अशी अफवा अमेरिकेत पसरली होती. खरे पाहता त्याच वेळी जर्मनीत हिटलरची राजवट याच पंथाच्या लोकांना छळछावण्यांत डांबत होती. पण अफवेला चौकशी करायला वेळ नसतो. निकालाला आठवडाही झाला नव्हता, तोच मेन राज्यातील केनेबंक गावी जमावाने त्यांचे सभागृह जाळले. अमेरिकेतील नागरी स्वातंत्र्य संघाने त्या वर्षी 335 गावांत सुमारे 1,500 साक्षीदारांवर हल्ले झाल्याची नोंद केली. सुरुवात लक्षात घ्या: दोन मुलांनी हात वर केला नाही, एवढीच! त्या काळी मोबाईल नव्हता. आज अशी गोष्ट गावभर व्हायला संध्याकाळसुद्धा लागत नाही.

आणि मग काय झाले? तीनच वर्षांनी, 14 जून 1943 रोजी, पश्चिम व्हर्जिनियातील बार्नेट नावाच्या दोन लहान बहिणींच्या खटल्यात त्याच न्यायालयाने आपला निकाल सहा विरुद्ध तीन मतांनी फिरवला. आधीच्या निकालात सामील असलेल्या तिघा न्यायाधीशांनी तर मध्यंतरी, 1942 मध्येच, आपली चूक झाली असे लिहून ठेवले होते. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसांनी चारचौघांत चूक कबूल करावी, हे मला त्या निकालाइतकेच मोलाचे वाटते. (जाता जाता सांगतो, या दोन्ही खटल्यांत न्यायालयाच्या कागदोपत्री त्या कुटुंबांची आडनावे चुकीची लागली आणि इतिहासात ती तशीच राहिली. ज्यांच्याविषयी एवढे बोलले गेले, त्यांचे नावसुद्धा कोणी नीट विचारले नव्हते!)

विद्यार्थी मित्रहो, आता तुमच्याकडे वळतो. त्या वर्गातील सगळीच मुले दुष्ट होती काय? मला तसे वाटत नाही. त्याच पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्वार्थमोर कॉलेजात सॉलोमन ॲश नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. 1950च्या सुमारास त्यांनी एक साधा प्रयोग केला. सात-आठ तरुण एका खोलीत बसवले. एका पत्त्यावर एक रेघ, दुसऱ्यावर लहानमोठ्या तीन रेघा. पहिलीच्या लांबीची कोणती ते प्रत्येकाने मोठ्याने सांगायचे. शेंबडे पोरही चुकणार नाही असे काम. पण त्या तरुणांत एकच खरा उमेदवार असे. बाकीच्यांना आधीच पढवून ठेवलेले, आणि ते ठरवून चुकीचे उत्तर देत. त्या एकट्याचा क्रम शेवटाला. परिणाम असा झाला की, सुमारे तीन चतुर्थांश उमेदवारांनी निदान एकदा तरी, डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही, सर्वांबरोबर चुकीचे उत्तर दिले. कोणी त्यांना धमकावले नव्हते. मारले नव्हते. केवळ एकटे पडायचे नव्हते, एवढेच.

पण प्रयोगाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ॲश यांनी त्या पढवलेल्या टोळीत एकाच माणसाला खरे उत्तर द्यायला सांगितले. फक्त एकाला. तेवढ्याने चुकीच्या उत्तरांचे प्रमाण घसरून आधीच्या सुमारे पाव हिश्श्यावर आले. बाकीचे सर्व जसेच्या तसे चुकीचे बोलत होते; पण आता शेजारी एक होता. लिलियनच्या वर्गात एखादी मैत्रीण तिच्या बाजूने चालत शाळेत आली असती, तर किती हात खड्यांकडे गेले असते? त्या मैत्रिणीला ध्वजवंदनाविषयी लिलियनचे म्हणणे पटण्याचीसुद्धा गरज नव्हती. तिने स्वतः खुशाल वंदन करावे, आणि मधल्या सुट्टीत डबा मात्र लिलियनशेजारी उघडावा. तुमच्या वर्गात असा कोणी असेल. त्याचे म्हणणे तुम्हाला पटत नसेल. त्याच्याशेजारी बसायला ते पटावे लागत नाही.

ही अमेरिकेची गोष्ट झाली, आपल्याकडे असे होत नाही, असे कोणी म्हणेल. म्हणून केरळची सांगतो. बिजो, बिनू मोल आणि बिंदू ही तीन भावंडे, इयत्ता दहावी, नववी आणि पाचवीची. हीही यहोवाच्या साक्षीदारांपैकीच. शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी ती सर्वांबरोबर आदराने उभी राहत, पण गात नसत. वर्षानुवर्षे हे चालले होते, कोणाला त्यात काही वावगे दिसले नाही. जुलै 1985 मध्ये विधानसभेच्या एका सदस्याचे तिकडे लक्ष गेले, सभागृहात प्रश्न विचारला गेला, चौकशी बसली. मुले सरळ वागणुकीची आहेत आणि त्यांनी कसलाही अनादर केलेला नाही, असाच चौकशीचा अहवाल आला. तरी 26 जुलै रोजी तिघांना शाळेतून काढले. उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही. 11 ऑगस्ट 1986 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल दिला की, जो आदराने उभा राहतो तो गात नाही म्हणून अनादर करतो असे होत नाही. मुलांना परत घ्यावे. मी मघाशी सांगितलेल्या अमेरिकेतल्या खटल्यांचा विचारही त्या निकालात केलेला आहे.

वर्षभर शाळेबाहेर राहिलेल्या मुलांना न्यायालयाने वर्गातील जागा परत देवविली. न्यायालयाला तेवढेच करता येते. मधल्या सुट्टीत त्यांच्याशी कोण बोलेल, याचा हुकूम कोणताही न्यायाधीश काढू शकत नाही. तो अधिकार त्या वर्गातल्या पोरांकडेच राहतो.

आता शेवटी माझ्या स्वतःविषयी. इतका वेळ मी दुसऱ्यांच्या चुका सांगत आलो, तेव्हा एक माझीही सांगणे भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी ठाणे जिल्ह्यातील एका शाळेत शिकवीत होतो. नववीच्या वर्गात वसईकडची एक ख्रिस्ती मुलगी होती. अबोल, पण मान वर करून चालणारी. स्नेहसंमेलनाच्या तालमी रविवारी सकाळी ठेवल्या, तर ती प्रार्थनेसाठी चर्चला जायचे म्हणून येईना. 'शिष्ट आहे' असे पहिले बोल तेव्हा उठले. पुढे एकदा वर्गाने ठरवले की गणिताच्या चाचणीला कोणीच बसायचे नाही. ती एकटी येऊन बसली. घरी खोटे सांगायचे नाही असे तिने ठरवले होते, एवढेच तिचे म्हणणे. झाले! ती चहाडखोर ठरली, मग मास्तरांची लाडकी ठरली, आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चर्चमध्ये गाणाऱ्या एका मुलाशी तिचे नाव जोडले गेले. यातला एक शब्दही खरा असल्याचे कोणी पाहिले नव्हते. ही शेवटची बातमी शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर आली. कोणीतरी हसले. मीही हसलो. त्या हसण्याने ती बातमी पुन्हा वर्गात गेली, आता शिक्षकांचा शिक्का घेऊन.

तिच्या बाकावरची मुलगी दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. मी रोज हजेरी घेत होतो, मला ते दिसत होते. वर्ष संपेपर्यंत ती त्या बाकावर एकटी बसली. दहावीसाठी तिने शाळा बदलली. दाखला न्यायला तिचे वडील आले. त्यांनी मला काही विचारले नाही, मीही काही सांगितले नाही. दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात 'चांगली' असे मीच माझ्या हाताने लिहिले होते.