सेंद्रिय प्रमाणपत्र आणि लहान शेतकरी : धार व देवास जिल्ह्यांचा अनुभव



धार आणि देवास ही नावे मराठी माणसाला परकी नाहीत. पवार घराण्याची ही संस्थाने १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ पासून हा मुलूख मध्य प्रदेशात आहे. माळव्याच्या काळ्या जमिनीत येथे सोयाबीन, गहू व हरभरा पिकतो. मांडूच्या कड्याखाली उतरले की निमाड लागतो आणि मनावर, कुक्षी, धरमपुरी या भागांत कापसाची शेते दिसू लागतात. सेंद्रिय शेतीच्या प्रमाणपत्राचा प्रश्न या दोन पट्ट्यांत दोन निरनिराळ्या रूपांत उभा राहतो. शासकीय अनुदानाचा उपयोग किती होतो, हे ठरविताना हा फरक बहुधा विसरला जातो.

रासायनिक खतांवाचून शेती करण्याचे शास्त्र या प्रदेशाला बाहेरून शिकावे लागलेले नाही. देवासपासून काही कोसांवर, इंदूर येथे, १९२४ साली वनस्पती उद्योग संस्था स्थापन झाली. तेथे सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातील काडीकचरा, शेण व गोमूत्र यांपासून तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची रीत बसविली. ही रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. १९३१ साली तिच्यावर जो ग्रंथ निघाला त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचे नाव आहे. हे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

खत करणे निराळे आणि ते केले आहे असे परक्या ग्राहकास पटविणे निराळे. गावातल्या गिऱ्हाइकाला शेतकऱ्याचा शब्द पुरतो. हॅम्बुर्गच्या किंवा मुंबईच्या व्यापाऱ्याला कागद लागतो. तो कागद मिळविण्याचे आज दोन मार्ग आहेत. पहिला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचा, अपेडा या संस्थेच्या देखरेखीखालील. यात मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्था तपासणी करते आणि निर्यातीसाठी हेच प्रमाणपत्र चालते. दुसरा सहभागी हमी पद्धतीचा. यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट परस्परांच्या शेतांची पाहणी करून एकमेकांची ग्वाही देतो. खर्च अत्यल्प, परंतु माल देशातच विकता येतो.

देवासच्या गहू-हरभरा पिकविणाऱ्या शेतकऱ्याला दुसरा मार्ग पुरेसा आहे. मनावरच्या कापूस उत्पादकाला मात्र तो उपयोगी नाही, कारण त्याचा कापूस ज्या गिरण्यांत जातो त्यांचे कापड परदेशी विकले जाते. गावात गट बांधताना ही चौकशी आधी न केल्यास तीन वर्षांचे श्रम चुकीच्या कागदासाठी खर्ची पडतात.

आता अनुदानाकडे वळू. परंपरागत कृषी विकास योजना २०१५-१६ साली सुरू झाली, तेव्हा तीन वर्षांसाठी एकरी २०,००० रुपये, म्हणजे हेक्टरी सुमारे ५०,००० रुपये, असे साहाय्य होते. सुधारित तरतुदींनुसार ते तीन वर्षांसाठी हेक्टरी ३१,५०० रुपये आहे. त्यांपैकी १५,००० रुपये सेंद्रिय निविष्ठांसाठी थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा होतात. प्रशिक्षण व क्षमताबांधणीसाठी ९,०००, विक्री, वेष्टन व नाममुद्रेसाठी ४,५०० आणि प्रमाणीकरण व अवशेष तपासणीसाठी ३,००० रुपये ठेवलेले आहेत. एका शेतकऱ्यास दोन हेक्टरांपर्यंत लाभ मिळतो. खर्चाचा ६० टक्के भार केंद्र व ४० टक्के राज्य उचलते.

हा हिशेब शेताच्या बांधावर मांडून पाहावा. खात्यात येणारे १५,००० रुपये तीन वर्षांत विभागले तर एकरी, वर्षाला, दोन हजार रुपये होतात. एवढ्यात निंबोळी अर्क, जिवाणू खत, गांडूळ खताचा वाफा यांची सोय होईल, परंतु घटलेल्या उत्पन्नाची भरपाई होणार नाही. आणि उत्पन्न घटण्याचा काळ नेमका हाच असतो. हंगामी पिकांना पेरणीपूर्वी दोन वर्षे आणि कॉफीसारख्या बहुवार्षिक पिकांना पहिल्या तोडणीपूर्वी तीन वर्षे रूपांतरकाळ पाळावा लागतो. या काळात युरियाही टाकता येत नाही आणि सेंद्रिय मालाचा भावही मागता येत नाही. म्हणूनच दोन एकरांच्या धन्याने पहिल्याच वर्षी सारी जमीन या कामी लावू नये. अर्ध्या एकरापासून आरंभ करणाऱ्यास भित्रा म्हणण्याचे कारण नाही. मात्र त्या तुकड्याचे अवजार, फवारणी पंप आणि साठवण निराळी ठेवावी लागते.

कापसाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. मध्य प्रदेशात २००२ पासून बीटी कापसाची लागवड होत आहे. सेंद्रिय मालात जनुकीय बदल केलेले बियाणे पूर्णपणे निषिद्ध आहे, आणि साधे बियाणे दुकानात मिळणे दुरापास्त झाले आहे. शेजारच्या शेतातून परागकण येतात, बैलगाडीत व जिनिंगमध्ये सरकी मिसळते. शेतकऱ्याने कोणताही अप्रामाणिकपणा न करता त्याचा माल नाकारला जाऊ शकतो. या दृष्टीने सोयाबीन उत्पादक सुदैवी आहे, कारण भारतात जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीस परवानगीच नाही.

निर्यातीच्या मार्गाने जाणारे लहान शेतकरी २५ ते ५०० जणांचा समूह करून प्रमाणपत्र घेतात. एकेकट्याला तपासणीचा खर्च पेलत नाही. समूहाचा अंतर्गत निरीक्षक प्रत्येक शेत पाहतो आणि बाहेरील संस्था त्यांतील काही शेते निवडून पडताळते. या व्यवस्थेचा सारा भार एका वहीवर असतो. कोणत्या तारखेस काय पेरले, काय फवारले, किती पोती निघाली, कोणाला विकली, हे सर्व तिच्यात लिहायचे. ही वही वर्षाअखेर एका बैठकीत भरली गेली की तिची किंमत शून्य. ज्या घरात लिहिणारे कोणी नाही तेथे शाळेत जाणाऱ्या मुलीकडून ती रोज भरून घेता येते. गावच्या शिक्षकांनी आठवड्यातून एकदा ती नजरेखालून घातली तर खात्याच्या अनेक परिपत्रकांहून अधिक काम होईल.

वहीचे महत्त्व २०२० साली कटुपणे सिद्ध झाले. ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने त्या वर्षी भारतातील सुमारे २०,००० टन कापूस बनावट व्यवहार प्रमाणपत्रांवर सेंद्रिय म्हणून दाखविला गेल्याचे उघड केले. लबाडी कागद करणाऱ्यांची होती, संशय मात्र खऱ्या उत्पादकांच्याही वाट्याला आला. समूहाचा कागद पुष्कळदा खरेदीदाराच्या किंवा मध्यस्थाच्या हाती असे आणि आपल्या नावावर काय विकले गेले हे शेतकऱ्यास कळतही नसे. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या सुधारित नियमांत उत्पादक समूहाला स्वतंत्र कायदेशीर दर्जा देण्यात आला. हा बदल अनुदानाच्या रकमेपेक्षा मोलाचा आहे. नोंदणी झालेल्या समूहाने आपले खाते, आपली मुद्रा आणि आपले प्रमाणपत्र स्वतःच्या कपाटात ठेवावे.

तीन वर्षे संपली की अनुदान थांबते. प्रमाणपत्राचे नूतनीकरण मात्र प्रतिवर्षी करावे लागते. तो खर्च पहिल्या वर्षापासूनच प्रत्येक क्विंटलमागे थोडी रक्कम बाजूला काढून समूहाने जमा करावयास हवा. चौथ्या वर्षी वर्गणी मागण्याची वेळ आली की निम्मे सभासद युरियाच्या रांगेत उभे दिसतात.

धार जिल्ह्याच्या बदनावर तालुक्यात, भैंसोला येथे, १७ सप्टेंबर २०२५ रोजी दोन हजार एकरांहून अधिक जागेवरील पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. तेथे येणाऱ्या गिरण्यांना सेंद्रिय कापूस हवा असेल तर त्या गाठीबरोबर व्यवहार प्रमाणपत्रही मागतील. निमाडातील जे समूह या मृगाला रूपांतरकाळ सुरू करतील त्यांचा पहिला प्रमाणित कापूस तिसऱ्या हंगामात वेचला जाईल.